ट्रान्सप्लांट झालं, पण पोराचं वजन आणि व्हायरस कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या बाळाची बातमी आली होती, डॉक्टरांची टीम, मधे बाळ, समोर केक, खाली "चिमुकल्याला जीवदान". वाचून बरं वाटलं, का नाही वाटणार. पण बातमी डिस्चार्जपाशी संपली आणि तिथेच माझी चिडचिड झाली. असं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांना विचारून बघा, ऑपरेशनच्या वेळी अख्खं गाव धावून येतं, पैसे जमतात, नवस बोलले जातात, आणि नंतर पोरगी काय खाते, वजन किती झालं, लसी कुठल्या राहिल्यात हे विचारायला कुत्रं फिरकत नाही. आणि या मुलांचं पुढचं सगळं त्याच्यावरच तर असतं. म्हणून हे पत्र, लांबलंय, कापायचं तर कापा पण लसींचं कापू नका.

माझी ओळख सांगते. कोपरखैरण्याला माझं पोळी-भाजी केंद्र आहे, डॉक्टर-बिक्टर काही नाही. माझी धाकटी बहीण कळव्याला राहते, तिच्या मुलीचं ट्रान्सप्लांट झालं तेव्हा ती दीड वर्षाची पण नव्हती, लिव्हरचा तुकडा बहिणीनेच दिला. आता पोरगी शाळेत जाते, धडधाकट आहे, माझ्याशी कडाकडा भांडते. तिच्या खाण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे, त्यामुळे इथे लिहितेय ते डॉक्टर, नर्स, डाएटिशियन यांना प्रश्न विचारून विचारून त्यांचं डोकं खाऊन मिळवलेलं आहे आणि थोडंफार वाचून.

आजाराबद्दल दोन शब्द आधी, नाहीतर खाण्याचा नि व्हायरसचा संबंध लागणार नाही. एवढ्या लहान बाळांना लिव्हर बदलायला लागतं त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बिलिअरी अट्रेसिया. लिव्हरमधलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या बंद होत जातात, पित्त आतच तुंबतं आणि लिव्हर खराब होत जातं. बाळाची कावीळ दोन आठवडे उलटले तरी उतरत नाही, शू गडद पिवळी आणि शी पांढरट, पुट्टीच्या रंगाची. आपल्याकडे "बाळांना कावीळ होतेच, कोवळ्या उन्हात धरा" यात महिना सहज निघून जातो. यावर एक कसाई ऑपरेशन असतं (जपानी सर्जनचं आडनाव आहे, दचकू नका), ते बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झालं तर जास्त फायद्याचं, कितीतरी मुलांचं ट्रान्सप्लांट त्याने वर्षानुवर्षं पुढे जातं. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आईला शीच्या रंगांचं कार्ड देतात, रंग जुळवून बघा नि फिकट वाटला तर फोन करा, एवढं सोपं. आपल्याकडे बाळंतिणीला डिस्चार्ज देताना डिंकाच्या लाडवाची चर्चा होते पण शीचा रंग बघा हे कोणी सांगत नाही. असो.

तर पित्त आतड्यात पोचलंच नाही की तूप, तेल, दुधातली साय काही पचत नाही, तसंच शीतून बाहेर. आणि त्याच्यासोबत ए, डी, ई, के ही चारी व्हिटॅमिन्स पण जातात. म्हणजे पोर दूध पितंय, आई रात्रभर जागून पाजतेय आणि अंगाला काडीचं लागत नाहीये. हातपाय काड्या, पोट मात्र टम्म, कारण लिव्हर नि प्लीहा वाढलेली आणि पुढे पुढे पोटात पाणी. आता गोची बघा, असं बाळ काट्यावर ठेवलं की आकडा बरा येतो! त्यात पाणी किती नि मांस किती काट्याला काय कळणार. म्हणून या मुलांचा दंडाचा घेर मोजायचा असतो. त्याला कुठली महागडी मशीन लागत नाही, अंगणवाडीत ती तीन रंगांची पट्टी असते ना तीच, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंमीच्या खाली आला की लाल म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ पिवळा, त्याच्या वर हिरवा. बहिणीच्या चाळीजवळच्या अंगणवाडीच्या ताईंनी सहज म्हणून पट्टी गुंडाळली, तर लालवर थांबली, आणि त्याच आठवड्यात एका मोठ्या दवाखान्यात काट्यावरचा आकडा बघून "वेट ओके" लिहून दिलेलं होतं. त्या ताईंना मी आजही दिवाळीचा फराळ पाठवते.

घरातलं पथ्य हा वेगळाच प्रकार. बहिणीच्या सासूबाई मनाने अतिशय चांगल्या, नातीसाठी जीव टाकणाऱ्या, पण कावीळ म्हटल्याबरोबर तूप फडताळात वर गेलं, फोडणी बंद, हळद बंद, सगळं उकडलेलं, मुगाचं पाणी, उसाचा रस, अंडं तर नावच नको कारण जड. वर कुणीतरी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. आणि डाएटिशियन मॅडमनी पहिल्याच भेटीत बरोब्बर उलटं सांगितलं, की या मुलांना नेहमीच्या मुलांच्या सव्वा ते दीडपट कॅलरी लागतात आणि प्रोटीन तोडायचं नाही, किलोमागे दोन ते तीन ग्रॅम द्यायचंच. म्हणजे सात किलोच्या पोरीला दिवसाला १४ ते २१ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं, आता मुगाच्या पाण्यात किती असेल तुम्हीच हिशोब करा. तुपाचं म्हणाल तर पित्ताशिवाय पचणारं एक तेल असतं, एमसीटी म्हणतात, ते आतड्यातून सरळ रक्तात जातं, आपल्या खोबरेल तेलात पण त्यातलं थोडं असतं. साधं तूप-तेल पूर्ण बंद करायचं नसतं, थोडं लागतंच.

हे एमसीटी तेल मी हाताळलंय म्हणून सांगते. ते तापवायचं नाही. पहिल्यांदा मी नेहमीसारखी डाळीला फोडणी द्यायला घेतलं तर नर्सबाईंनी लगेच अडवलं, तापलं की कडवट लागतं, पोर तोंड फिरवतं आणि मग तुम्ही काही करा ते तोंड वळत नाही. मऊ भात, सालं काढलेली मूगडाळ, दोन्ही एकजीव घोटून, कोमट झालं की वाटीत वरून मोजून घालायचं नि ढवळायचं. नाचणीसत्त्व दुधात, पाण्यात नाही. अंडं उकडून बलकासकट कुस्करून भातात लपवायचं. आणि वाटी छोटी. मोठी वाटी बघूनच या पोरांचं पोट भरतं, कारण वाढलेलं लिव्हर जठराला आतून ढकलत असतं, थोडंच मावतं. त्यामुळे दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, आणि प्रत्येक घासात काहीतरी दम पाहिजे, पाण्यासारखी पेज देऊन पोट भरवायचं म्हणजे जागा वाया घालवणं. शेवटी शेवटी तोंडाने पुरेना तेव्हा नाकातून नळी घातली आणि रात्री ती झोपलेली असताना हळूहळू फीड चालू. नळी बघून सगळे नातेवाईक रडले, "एवढ्याशा जिवाला कशाला छळता". पण दंड लालवरून पिवळ्यात आला तो त्या नळीमुळेच, आणि सर्जन तारीख द्यायला तयार झाले ते त्यानंतर.

आता कोणी म्हणेल ऑपरेशन झालं की लिव्हर नवं, मग आपोआप खाईल-पिईल, आधी एवढी मारामारी कशाला? इथेच व्हायरस येतो. अंगात प्रोटीन, झिंक, व्हिटॅमिन ए कमी पडलं की व्हायरसशी लढणाऱ्या टी पेशींना पहिला फटका बसतो, त्या जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी कुपोषित मुलांमध्ये आकसते, नाक-घसा-आतड्याचं आतलं अस्तर पण कमजोर पडतं. आणि ट्रान्सप्लांटनंतर नवीन लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस देतात ते कोणाला दाबतं? ह्याच टी पेशींना. सोसायटीत आधीच वॉचमन कमी आणि त्यातल्या उरलेल्यांना सांगायचं की तुम्ही पण झोपा, असा कारभार. औषध तर द्यायलाच लागतं, त्याला पर्याय नाही, मग हातात उरतं काय तर ऑपरेशनच्या आधी जेवढं अंग भरता येईल तेवढं भरणं. शिवाय अशक्त मूल व्हेंटिलेटरवर जास्त राहतं, आयसीयूत जास्त राहतं, जखम उशिरा भरते, नळ्या जास्त दिवस अंगात, आणि जितक्या नळ्या तितकी इन्फेक्शन्स.

व्हायरस येतो कुठून म्हणाल तर लोकांना वाटतं बाहेरून, म्हणून भेटायला आलेला प्रत्येक जण मास्क लावून, चपला लांब काढून. ते बरोबरच आहे. पण पहिल्या काही महिन्यांतला मोठा शत्रू बऱ्याचदा दान केलेल्या लिव्हरमधूनच आत आलेला असतो. सीएमव्ही आणि ईबीव्ही असे दोन व्हायरस आहेत, आपल्याकडे बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांना ते लहानपणी कधीतरी साध्या तापासारखे होऊन गेलेले असतात, आपल्याला पत्ताही नसतो, आणि नंतर ते अंगात गपचूप पडून राहतात, जन्मभर. वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळाची यांच्याशी गाठ पडलेली नसेल तर त्याच्याकडे अँटीबॉडी नाहीत, देणारी आई पॉझिटिव्ह आणि घेणारं बाळ निगेटिव्ह, हा सगळ्यात जास्त रिस्कचा जोड. हे ऐकून बहीण ढसाढसा रडली, मीच दिलेल्या तुकड्यातून माझ्या पोरीला आजार? डॉक्टरांनी नीट समजावलं, की यावर औषध आहे, व्हॅलगॅनसिक्लोव्हिर म्हणून, ते ऑपरेशननंतर व्हायरस दिसायची वाट न बघता काही महिने चालू ठेवतात किंवा दर थोड्या दिवसांनी रक्ताची पीसीआर करून व्हायरस किती आहे ते मोजत राहतात आणि वाढला की औषध. त्या औषधाने पांढऱ्या पेशी उतरू शकतात म्हणून त्यांचीही मोजणी. ईबीव्हीवर मात्र तसं थेट औषध नाही आणि तो कधीकधी लिम्फोमासारख्या (म्हणजे गाठींच्या कॅन्सरसारख्या) आजाराकडे नेतो, पीटीएलडी म्हणतात, त्यावर पहिली पायरी म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं डॉक्टरांनीच सांभाळून कमी करणं. किडनी बदललेल्या मुलांमध्ये आणखी एक बीके व्हायरस असतो जो नव्या किडनीलाच धरतो, त्याचीही तपासणी चालू असते.

आणि यातलं आईबापाला घरी कळण्यासारखं काय, तर भूक आणि वजन. सीएमव्हीत ताप येतो पण कधी कधी आधी नुसती भूक जाते, जुलाब लागतात, खेळता खेळता पोर बसून राहतं. ईबीव्हीत मानेच्या गाठी, टॉन्सिल सुजून झोपेत घोरणं, आणि कारण नसताना वजन उतरणं. बहिणीच्या घरी कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशोब वर आणि पोरीचं वजन खाली, दर रविवारी, सकाळी दूध प्यायच्या आधी, त्याच काट्यावर, त्याच बनियनमध्ये. एकदा लागोपाठच्या दोन रविवारी आकडा खाली आला, ताप नाही काही नाही, बहिणीने सोमवारी फोन केला, पीसीआर केली, सीएमव्ही वर आलेला होता, औषध वेळेत सुरू झालं. ताप यायची वाट बघत बसली असती तर?

जुलाबाचं मुद्दाम सांगते कारण इथे लोकांचा हमखास गोंधळ होतो. आपल्याला वाटतं जुलाब म्हणजे औषध बाहेर गेलं, रक्तातली त्याची लेव्हल कमी झाली असणार. टॅक्रोलिमसचं उलटं असतं, आतड्याचं अस्तर दुखावलं की औषध जास्त शोषलं जातं आणि लेव्हल चढते, म्हणजे प्रतिकारशक्ती अजून दबते नि किडनीवर ताण. म्हणून डाळिंबाची साल, जायफळ उगाळून वगैरे करत बसायचं नाही, ओआरएस सुरू करायचं आणि त्याच दिवशी ट्रान्सप्लांटवाल्यांना फोन. तसंच पपनस! गणपतीत प्रसादाच्या ताटात हमखास असतं, ते नि ग्रेपफ्रूट या मुलांना अजिबात नाही, त्याने पण लेव्हल चढते. हे मला एका वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं, कागदावर कुठे नव्हतं.

कागदावरून आठवलं. डिस्चार्जच्या वेळी आम्हाला एक डाएट चार्ट मिळाला, झेरॉक्सची झेरॉक्स, इंग्रजीत, त्यात अॅव्होकॅडो, ब्रोकोली, किनवा. बहिणीचा नवरा रबाळे एमआयडीसीत कामाला, तो तो कागद घेऊन माझ्याकडे आला नि म्हणाला, ताई यातलं आपल्याकडे काय मिळतं? मी म्हटलं प्रिंटरची शाई. मग मीच बसून मॅडमना फोनवर विचारत विचारत मराठीत लिहिलं, भाकरी-वरण-अंडं-दही-केळं-राजगिऱ्याचा लाडू, किती ग्रॅम, किती वेळा. ज्या हॉस्पिटलात एवढं अवघड ऑपरेशन होतं तिथे एक मराठी डाएट चार्ट होऊ नये? आता ठाण्यात आणि बेलापूरला सुद्धा लहान मुलांची लिव्हर ट्रान्सप्लांट्स होतात, परळपर्यंत लोकलने धक्के खात जायला लागत नाही सगळ्यांना, चांगलीच गोष्ट आहे, पण डाएटिशियन डिस्चार्जच्या दिवशी येऊन उपयोग नाही, ती पहिल्या ओपीडीला बसलेली पाहिजे.

ऑपरेशननंतर दुसरं टोक येतं. स्टेरॉइड चालू असतं, भूक खवळते, गाल वर येतात, आणि घरातले एवढे महिने काड्या झालेले हात बघून दमलेले असतात की पोरीने मागितलं ते हातात, वेफर्स, क्रीमची बिस्किटं, पाकिटातला ज्यूस. "बघा कशी गुटगुटीत झाली." झाली, पण त्या गालांत व्हिटॅमिन डी नाही की झिंक नाही की लोह नाही, आणि स्टेरॉइड नि टॅक्रोलिमसने साखर नि बीपी वाढायची भीती वेगळीच. जाड पोर सुद्धा कुपोषित असू शकतं हे आजी-आजोबांना पटवणं महाकठीण. आमच्याकडे मी एक नियम केला, गोड मागितलं तर शिरा किंवा नाचणीचा लाडू, माझ्या हातचा, दुकानातला नाही. बाहेरचं पाणीपुरी, गोळा, उसाचा रस, उघडी चटणी, कापून ठेवलेली फळं हे तर नाहीच, मोड आलेली कडधान्यं कच्ची नाहीत, दूध उकळून, पाणी उकळून. मोरबे धरणाचं पाणी चांगलं असतं हो, पण ते सोसायटीच्या टाकीत येऊन किती दिवस झाले टाकी धुवून ते कोण बघतंय. हिपॅटायटिस ए आणि ई मुख्यतः दूषित पाण्यातून नि खाण्यातूनच येतात आणि नव्या लिव्हरला तेच परवडणार नाही.

आता लसी, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. गोवर-रुबेला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या, तोंडाने द्यायचा पोलिओ, या जिवंत व्हायरसच्या लसी आहेत, अर्थात अशक्त केलेल्या. ट्रान्सप्लांटनंतर औषधं चालू असताना त्या साधारणपणे देत नाहीत. म्हणजे ज्या द्यायच्या त्या आधी, ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी. गोवराची लस आपल्याकडे सरकारी वेळापत्रकात नवव्या महिन्यात असते, पण ट्रान्सप्लांट ठरलेल्या बाळाला सहा महिन्यांनंतर सुद्धा देता येते, हे किती आईबापांना माहितेय? उलट होतं काय, बाळ आजारी, कावीळ आहे, वजन नाही, म्हणून लसीकरणाच्या दिवशी सिस्टर म्हणतात पुढच्या महिन्यात या, पुढच्या महिन्यात ताप, पुन्हा पुढे, आणि ऑपरेशनची तारीख येते तेव्हा कार्ड निम्मं कोरं. म्हणजे ज्याला लसीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच सगळ्यात कमी लसी. त्यात कुपोषित मुलाला लस दिली तरी ती कमी लागू पडू शकते, म्हणजे पुन्हा गाडी वजनावरच येते. कांजिण्यांची लस तर सरकारी यादीत नाहीच, खासगीत स्वतःच्या खिशातून, आणि ऑपरेशनसाठी पंधरा-वीस लाख गोळा करणाऱ्या घराला ती लस नि एमसीटीचा डबा हे वरखर्च वाटतात. फंड गोळा करणाऱ्या मंडळांना माझं हात जोडून सांगणं आहे, बॅनरवर ऑपरेशनचा आकडा लिहिता तसं आधीच्या चार-सहा महिन्यांच्या फीडचे नि लसींचे पैसे पण धरा, त्या रकमेपुढे ते काहीच नाहीत. निर्जीव लसी, फ्लू वगैरे, त्या मात्र ट्रान्सप्लांटनंतर काही महिन्यांनी देतातच, त्या घाबरून चुकवायच्या नाहीत.

पण एवढं करूनही काही मुलं राहतातच, आणि मग त्यांचा जीव शेजारच्यांच्या पोरांच्या लसीवर असतो. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत गोवर पसरला, मग भिवंडी, मालेगाव, आठवतंय ना. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत व्हायरस हवेत राहतो, आणि तो रोखायला शंभरातल्या ९५ मुलांना लस लागते. त्या महिन्यात बहिणीने पोरीला ठाणे-वाशी लोकलमध्ये बसवलं नाही, फॉलोअपला रिक्षाने गेली, परवडत नसताना.

आणि शाळा. गेल्या वर्षी भाचीच्या वर्गात एका मुलाला कांजिण्या आल्या, आणि गॅदरिंग जवळ आलं होतं म्हणून शाळेने कोणालाच सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते भाजीवाल्याकडे, दुसऱ्या एका आईच्या तोंडून. कांजिण्या पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात आणि खपल्या धरेपर्यंत पसरतात, आणि ज्या मुलाची प्रतिकारशक्ती औषधाने दाबलेली आहे त्याच्या फुप्फुसात, लिव्हरमध्ये त्या उतरू शकतात. संपर्क आला हे कळलं तर तयार अँटीबॉडीचं एक इंजेक्शन असतं, ते पहिल्या ९६ तासांत दिलेलं सगळ्यात चांगलं, उशिरात उशिरा दहा दिवस. म्हणजे शाळेने दाबून ठेवलेला एकेक दिवस आमच्या पोरीच्या हिशोबातला होता. आमचं नशीब, वेळेत कळलं, इंजेक्शन मिळवायला धावपळ झाली ती झाली. त्या मुलाच्या आईला मी दोष देत नाही, तिला कोण सांगणार होतं. पण शाळेला आम्ही अॅडमिशनच्या वेळी लेखी दिलं होतं. मुलाचं नाव नका घेऊ, फक्त "वर्गात कांजिण्यांची केस आहे" एवढा एक मेसेज त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर टाका, त्याच ग्रुपवर फॅन्सी ड्रेसचे पन्नास मेसेज येतातच की. आणि अजूनही घराघरात "देवी आल्यात, औषध द्यायचं नाही, कडुलिंबाचा पाला ठेवा" चालू असतं, ठेवा पाला, पण पोराला शाळेत पाठवू नका.

घरातल्या बाकीच्यांनी मात्र लसी घ्यायच्याच, भावंडांना एमएमआर, कांजिण्या, मोठ्यांना फ्लू. अपवाद एकच, तोंडाने द्यायचा पोलिओ. त्यातला जिवंत व्हायरस डोस घेतलेल्या बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून ट्रान्सप्लांट झालेलं मूल ज्या घरात आहे तिथल्या भावंडांना पोलिओची इंजेक्शनवाली लस द्यायची असते. बाकी सगळ्यांनी दोन थेंब बिनधास्त द्यावेत, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त झाला तो त्याच थेंबांनी. अडचण फक्त आमच्यासारख्या घरांची. पल्स पोलिओला ताई घरोघरी येतात, उन्हातान्हात बिचाऱ्या, करंगळीवर शाई लावतात, दारावर खडूने खूण करतात, आणि बहिणीने तिच्या धाकट्या मुलाला थेंब नको म्हटलं की तिच्याकडे लस नाकारणारी अडाणी बाई म्हणून बघतात, वरून साहेब समजवायला येतात. दर वेळी फाईल काढून दाखवायची. नवी मुंबई आणि ठाणे, दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागाला विनंती, या ताईंच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवा, घरात ट्रान्सप्लांट झालेलं किंवा केमो चालू असलेलं कोणी आहे का, आणि असेल तर त्या घरातल्या बाळाला इंजेक्शनची लस जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात कुठल्या वारी मिळेल ते त्याच फॉर्मच्या मागे लिहून द्या.

कळावे,
एक मावशी, कोपरखैरणे
(भाची शाळेत जाते म्हणून नाव छापू नये ही विनंती)